वर्डप्रेसमधली तयार सेक्शन्स मराठी मजकूर टाकला की विस्कटतात. हळद-बेदाण्याच्या साइटसाठी काय करावं?

हळकुंड_सांगली विचारतात:

नमस्कार मंडळी. हळद पावडर, अख्खी हळकुंडं आणि तासगावचे बेदाणे विकणाऱ्या घरच्या व्यवसायाची साइट करतेय. कोडिंग येत नाही, म्हणून वर्डप्रेस आणि ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह थीम घेतली. होम पेज तयार पॅटर्न (आधीच मांडलेली सेक्शन्स) जोडून उभं केलंय: वर मोठा फोटो आणि मथळा, खाली तीन उत्पादनांची कार्डं, मग 'आमच्याविषयी', ग्राहकांचे अभिप्राय, शेवटी संपर्क. तीन पॅटर्न थीममधले आहेत, दोन वर्डप्रेसच्या पॅटर्न डिरेक्टरीतून कॉपी करून आणलेत.

इंग्रजी नमुना मजकूर होता तोवर सगळं देखणं दिसत होतं. मराठी टाकल्यावर मोठ्या मथळ्याच्या दोन ओळी एकमेकींत घुसतात. 'आमच्याविषयी' या छोट्या लेबलची शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. मोबाइलवर एकाखाली एक दोन फोटो येतात आणि कुठला मजकूर कुठल्या फोटोचा ते कळत नाही. डिरेक्टरीतून आणलेल्या सेक्शनचे रंग उडालेत. वरचा फोटो मोबाइल डेटावर फार हळू उघडतो.

ऑनलाइन पेमेंट सध्या नको, मागणी व्हॉट्सॲपवर घेणार आहोत. हेच दुरुस्त करत बसू की एखादा पेज बिल्डर (ओढून-सोडून पान बांधायचं प्लगइन) घेऊन नव्याने करू?

कृष्णाकाठ यांचं उत्तर:

ताई, नव्याने करू नका. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या अडचणींना ठरलेली कारणं आहेत आणि बहुतेक एकेका जागी दुरुस्त होतात. फक्त सेक्शन एकेक करून सुधारत बसू नका. आधी थीमच्या पातळीवर बदला, मग उरेल तेवढंच सेक्शनमध्ये.

सुरुवात फॉन्टपासून. या थीमचा मूळ फॉन्ट मॅनरोप, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याच्या फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल तो वापरला जातो आणि प्रत्येकाला पान वेगळं दिसतं. अपिअरन्स, एडिटर, स्टाइल्स, टायपोग्राफी असं जा. तिथे फॉन्ट सांभाळायची खिडकी उघडते, तिच्यात 'इन्स्टॉल फॉन्ट्स' आहे (वर्डप्रेस ६.५ पासून ही सोय आली, म्हणून साइट अपडेट हवी). मुक्ता, हिंद, बालू २ किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांतला एक निवडा. वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीच्या पायऱ्या, दोनच घ्या, ४०० (साधी) आणि ७०० (ठळक). जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइल्स जड असतात आणि प्रत्येक वजनाची फाइल वेगळी उतरते. फॉन्ट इन्स्टॉल केला म्हणजे लागू झाला असं नाही. त्याच टायपोग्राफीत टेक्स्ट, हेडिंग्ज आणि बटन्स या तिन्ही ठिकाणी तो निवडावा लागतो.

आता ओळी घुसण्याचं. थीममध्ये हेडिंगची लाइन हाइट (ओळीची उंची) १.१ च्या आसपास ठेवलेली असते. इंग्रजीला ती पुरते. मराठीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार येतात, त्यामुळे खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. हेडिंगला १.३५ ते १.४ आणि साध्या मजकुराला १.६ ते १.७ द्या. आकारही एक पायरी उतरवा. 'सांगलीची राजापुरी हळद, थेट शेतकऱ्यांकडून' असा मथळा सर्वांत मोठ्या आकारात मोबाइलवर चार ओळी खातो आणि बटण पडद्याबाहेर जातं.

शिरोरेषा तुटते ती लेटर स्पेसिंगमुळे. छोट्या लेबलांना अक्षरं विरळ करून, सगळी कॅपिटल ठेवून सजवायची इंग्रजीत पद्धत आहे. देवनागरीत कॅपिटलचा काही परिणाम होत नाही, पण अंतर वाढलं की शिरोरेषा सुटते आणि उणे असेल तर अक्षरं एकमेकांवर चढतात. मराठीत लेटर स्पेसिंग शून्य, दुसरा आकडा नाही. थीमच्या स्टाइल्समध्ये शून्य करून भागेलच असं नाही, कारण पॅटर्न बनवणाऱ्याने ते त्या ब्लॉकवरच (मथळा, फोटो, परिच्छेद असा पानाचा एकेक तुकडा म्हणजे ब्लॉक) लावलेलं असेल तर ब्लॉकवरचं मूल्य वरचढ ठरतं. लेबलवर क्लिक करा, उजवीकडे टायपोग्राफीच्या तीन टिंबांत 'रीसेट ऑल' दाबा. लाइन हाइटचंही असंच: एखादा मथळा थीम बदलूनही तसाच राहिला तर त्या ब्लॉकवर स्वतःची लाइन हाइट आहे असं समजा.

सेटिंग्ज, जनरल इथे साइटची भाषा मराठी करायला विसरू नका. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण मराठी होते, आणि ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेत ते त्या खुणेवरूनच आपलं वळण दाखवतात. स्वतःचं ॲडमिन इंग्रजीत हवं असेल तर प्रोफाइलमधली भाषा वेगळी ठेवता येते.

मोबाइलवरच्या दोन फोटोंचं कारण असं. तुमच्या सेक्शनमध्ये पहिल्या ओळीत फोटो डावीकडे, मजकूर उजवीकडे आणि दुसऱ्या ओळीत उलट आहे. ते 'कॉलम्स' ब्लॉकने बांधलंय. पडदा ७८२ पिक्सेलपेक्षा अरुंद झाला की कॉलम्स डावीकडून उजवीकडे या क्रमानेच एकाखाली एक येतात. म्हणजे फोटो, मजकूर, मजकूर, फोटो. तिसरी ओळ असली की तिचा फोटो दुसऱ्या ओळीच्या फोटोला चिकटतो. इथे कॉलम्सऐवजी 'मीडिया अँड टेक्स्ट' ब्लॉक वापरा आणि 'स्टॅक ऑन मोबाइल' चालू ठेवा. त्यात फोटो उजवीकडे असला तरी मोबाइलवर नेहमी मजकुराच्या वरच येतो. ते ६०० पिक्सेलखालीच एकाखाली एक येतं, म्हणून टॅबलेटवर शेजारी-शेजारीच राहील, त्यात बिघडत काही नाही.

उत्पादनांच्या कार्डांना मी 'ग्रिड' सुचवेन. त्यात ऑटो ठेवून कमीत कमी रुंदी १६ रेम (अक्षराच्या आकारावर बसवलेलं माप) द्या. मावतील तितकी कार्डं शेजारी, बाकी आपोआप खाली. पुढे तीनाची पाच उत्पादनं झाली तरी मोडतोड नाही. एकच कार्ड ग्रुपमध्ये (ब्लॉक एकत्र बांधणाऱ्या चौकटीत) पूर्ण नीट करा, फोटोला १:१ किंवा ४:३ असं ठरलेलं गुणोत्तर द्या, मग कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून त्याच्या नकला काढा. वर्णन प्रत्येक कार्डात दोन ओळींचंच ठेवा. एकात दोन आणि दुसऱ्यात पाच ओळी झाल्या की बटणं वरखाली होतात.

तंतुवाद्य_मिरज:

माझं मत थोडं वेगळं. एलिमेंटरसारख्या बिल्डरमध्ये मोबाइल, टॅबलेट, डेस्कटॉप अशा तिन्ही पडद्यांसाठी अक्षराचा आकार, अंतर, कॉलमचा क्रम वेगवेगळा देता येतो. वर्डप्रेसच्या मूळ एडिटरमध्ये ही मोकळीक कमी आहे. ज्याला ओढून-सोडून काम करायचं आहे त्याला बिल्डर लवकर हाताशी बसतो. त्यातही लेटर स्पेसिंग आणि लाइन हाइट कृष्णाकाठ म्हणतात तशीच दुरुस्त करावी लागते, ती कटकट काही टळत नाही. चांगली सेक्शन्स बहुतेक पैसे भरलेल्या आवृत्तीत असतात, हेही धरून चाला.

कृष्णाकाठ:

पडद्यानुसार नियंत्रणाचा मुद्दा बरोबर आहे. पण पाच सेक्शनच्या साइटसाठी त्याची किंमत जास्त पडते. बिल्डरची सेक्शन्स त्या प्लगइनवर उभी असतात. उद्या वर्षाची फी भरली नाही किंवा प्लगइन बंद केलं तर मजकूर राहतो, मांडणी जाते. ब्लॉक वाढवून देणाऱ्या इतर प्लगइनांचंही असंच होतं: बंद केली की त्यांच्या स्टाइल्स जातात, आणि एडिटर त्या ब्लॉकची सोय साइटवर नाही अशी किंवा 'अनपेक्षित किंवा अवैध मजकूर' अशी सूचना दाखवतो.

म्हणून पॅटर्न निवडताना रूप नंतर बघा, हाडं आधी. शिफ्ट-ऑल्ट-ओ दाबून लिस्ट व्ह्यू उघडा. त्यात ग्रुप, कॉलम्स, ग्रिड, मीडिया अँड टेक्स्ट, कव्हर, इमेज, हेडिंग, पॅराग्राफ, बटन्स एवढीच नावं दिसली पाहिजेत, ती वर्डप्रेसच्या पोटातली आहेत. ग्रुपमध्ये ग्रुप, त्यात आणखी ग्रुप अशी पाच-सहा थरांची उतरंड असेल तर तो पॅटर्न सोडा. अंतर कुठल्या थरावर दिलंय ते शोधण्यातच वेळ जातो.

रंग उडण्याचं राहिलं होतं. पॅटर्नमध्ये रंग पुष्कळदा नावाने नोंदलेला असतो, तुमच्या थीममध्ये त्या नावाचा रंग नसेल तर काहीच लागू होत नाही. लिस्ट व्ह्यूमध्ये त्या सेक्शनचा बाहेरचा ग्रुप निवडून पार्श्वभूमी आणि मजकुराचा रंग तुमच्या पॅलेटमधून पुन्हा द्या. आतल्या हेडिंगांवर वेगळे रंग असतील तर रीसेट करा, म्हणजे ती बाहेरच्या ग्रुपचा रंग घेतील. अंतरांचंही तसंच. ५०, ६० अशा पायऱ्या असतात आणि एकाच पायरीचं माप प्रत्येक थीममध्ये निराळं. सगळ्या सेक्शनच्या बाहेरच्या ग्रुपला वर-खाली एकच पायरी द्या. पान एका हातचं दिसायला लागतं ते यानेच.

डिरेक्टरीतून आणलेल्या पॅटर्नमधले फोटो अजून तिकडच्याच सर्व्हरवरून येत असतील. इमेज ब्लॉकच्या पट्टीत तो फोटो आपल्या मीडिया लायब्ररीत घ्यायचं बटण आहे. पण नमुन्याचा परदेशी फोटो ठेवायचाच कशाला? रिप्लेस करून तुमचाच टाका.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा):

वरच्या फोटोबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून तेवढंच सविस्तर.

फोनमधला फोटो सरळ चढवला की तो साधारण ४००० पिक्सेल रुंद आणि तीन ते पाच एमबीचा असतो. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत स्वतः काढतं, पण तीही जडच. चढवण्याआधी १६०० ते १९२० पिक्सेल रुंद करा आणि वेबपी स्वरूपात १५० ते २०० केबीपर्यंत आणा. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. कार्डांच्या फोटोंना ८०० पिक्सेल पुरे.

कव्हर ब्लॉकमध्ये (फोटोवर मजकूर ठेवणारा ब्लॉक) 'फिक्स्ड बॅकग्राउंड' चालू असेल तर बंद करा. ते चालू असताना फोटो साध्या इमेजसारखा न येता सजावटीची पार्श्वभूमी म्हणून येतो, ब्राउझरला तो उशिरा सापडतो, शिवाय आयफोनवर तो परिणाम धड चालत नाही. त्याच पॅनेलमध्ये फोकल पॉइंट आहे. आडव्या फोटोत हळकुंडांची रास उजवीकडे असेल तर टिंब तिथे न्या, नाहीतर मोबाइलच्या उभ्या पडद्यावर फक्त मोकळी भिंत दिसेल. स्लायडर आणि व्हिडिओवाले पॅटर्न या जागी घेऊ नका. गूगलच्या मापाप्रमाणे पानातला सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, स्लायडरने ते साध्या मोबाइल नेटवर जमणं कठीण.

आणि एक, हळदीचा धंदा म्हणजे पिवळा रंग येणारच. पिवळ्यावर पांढरी अक्षरं ठेवू नका. वाचता येण्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक ४.५ ला १ असावा असा जागतिक निकष आहे; हळदी पिवळ्यावर पांढऱ्याचा तो दोनाच्याही खाली जातो. पिवळ्यावर गडद तपकिरी अक्षरं घ्या, फार छान उठतात. फोटोवर पांढरी अक्षरं हवी असतील तर कव्हरचा काळा थर ५० ते ६० टक्के ठेवा. रंग प्रत्येक सेक्शनमध्ये न बदलता स्टाइल्स, कलर्स, पॅलेट इथे थीमचेच बदला, सगळी बटणं एकदम बदलतात.

तयार पॅटर्नमध्ये बहुतेकदा 'विश्वासचिन्हां'ची पट्टी असते, पाच-सहा राखाडी लोगो. तिथे भौगोलिक मानांकनाचा लोगो लावायचा मोह होईल, कारण सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली ते मिळालंय. पण तो लोगो आणि ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती असेल तर नोंदणी क्रमांकासह लावा, नसेल तर ती पट्टीच काढून टाका. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी क्रमांक मात्र फुटरमध्ये द्याच. घाऊक गिऱ्हाईक तो आधी शोधतं.

अभिप्रायांच्या सेक्शनमध्ये हसऱ्या चेहऱ्यांचे नमुना फोटो आणि रचलेली नावं असतात. खरे अभिप्राय परवानगीने मिळेपर्यंत तो भाग पानावर नको. त्याच जागी माल कसा येतो ते लिहा: राजापुरी हळकुंड की दुसरी जात, पॉलिश केलेलं की नाही, पावडर कुठे दळता, बेदाणा हिरवा की पिवळा, पॅकिंग किती ग्रॅमचं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे माहीत नसतं आणि त्यावरच तो विकत घ्यायचं ठरवतो. 'आमच्याविषयी'मध्येही 'गुणवत्ता हेच आमचं ध्येय' असली ओळ कुणी वाचत नाही. हरिपूरला हळद पेवांत कशी साठवत, याची चार वाक्यं लिहिलीत तर वाचतील.

हळकुंड_सांगली:

फॉन्ट, लाइन हाइट, मीडिया अँड टेक्स्ट सगळं लावलं, पान लगेच सुधारलं. मनापासून आभार. आता दोन गोष्टी. व्हॉट्सॲपचं बटण दाबल्यावर 'नंबर चुकीचा' येतं. आणि माहितीपत्रकाचा मजकूर छापखान्यातून पेजमेकरच्या फाइलमध्ये मिळालाय, तो चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.

अजिंक्यतारा_पायथा:

बटणाच्या लिंकमध्ये डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरपी रेघ, मग ९१ आणि लगेच दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मधली मोकळी जागा किंवा आडवी रेघ, यांतलं काहीही असलं की लिंक चुकू शकते. आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कळफलकावरून देवनागरी आकडे टाइप झाले असतील तर तेच कारण असेल. फोनच्या लिंकचंही तसंच, 'टेल' हा शब्द इंग्रजीत, विसर्गासारखं दिसणारं इंग्रजी कोलन, मग अधिक ९१ आणि नंबर. इथे अधिकचं चिन्ह चालतं.

नंबर, दुकानाची वेळ आणि आजचा भाव हे तिन्ही मिळून एक ग्रुप करा आणि 'क्रिएट पॅटर्न'मधून सिंक्ड पॅटर्न बनवा. जिथे जिथे हवं तिथे तोच घाला. हळदीचा भाव हलला की एका जागी बदला, सगळीकडे बदलतो. एखाद्या पानावरच वेगळं हवं असेल तर तिथे आधी 'डिटॅच' करा, नाहीतर सगळ्या पानांवर बदल जाईल. नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते.

कृष्णाकाठ:

छापखान्याचा मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्या फाइलमध्ये खरं देवनागरी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून तो फॉन्ट काढला की खिचडी उरते. वेबवर तोच फॉन्ट चढवून काम भागवू नका, गूगलला त्यातला एक शब्दही वाचता येणार नाही आणि शोधात साइट येणार नाही. छापखान्याला फॉन्टचं नेमकं नाव विचारा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. मग त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (वेबवर चालणाऱ्या खऱ्या देवनागरीत) बदलणारं साधन वापरा.

रूपांतरानंतर चुका ठराविक जागी राहतात. 'शेतकऱ्यांकडून'चं 'शेतकर्यांकडून' होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. कंट्रोल-एफमध्ये 'र्य' शोधा आणि एकेक तपासा. सूर्य, कार्य, पर्याय बरोबर असतात, ते बदलू नका. ॲ आणि ऑ असलेले शब्द, क्ष-ज्ञ-त्र, शब्दाच्या सुरुवातीची ऱ्हस्व वेलांटी आणि वजनांचे आकडेही बघा. २५० ग्रॅमचं २५ झालं तर मोठा घोळ. सगळं तपासून झालं की वर्डप्रेसमध्ये चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नाहीतर मूळ फाइलमधली सजावट मजकुराबरोबर आत येते.

बामणोली_मुक्काम:

याच धाग्यात विचारते, आमचं कास-बामणोली भागातलं होमस्टे आहे. पॅटर्न जोडून पान केलंय. गॅलरीत २४ फोटो आणि नकाशा आहे, उघडायला फार वेळ लागतो. फुलांच्या हंगामात वर सूचना लावायची आहे, नंतर काढायची.

अजिंक्यतारा_पायथा:

होम पेजवर सहा फोटो ठेवा, बाकी वेगळ्या पानावर. गॅलरीच्या सेटिंगमध्ये फोटोंचं रिझोल्यूशन 'फुल साइझ' असेल तर 'मीडियम' किंवा 'लार्ज' करा, बराच भार तिथेच उतरतो. जिवंत नकाशा काढून त्याच्या जागी 'रस्ता पाहा' असं बटण देऊन गूगल मॅप्सची लिंक जोडा. बामणोलीकडे रेंज जाते, म्हणून साताऱ्याहून येतानाच्या खुणा दोन ओळींत मजकूर म्हणूनही लिहा, म्हणजे लोकांना त्या निघतानाच टिपून घेता येतील.

सूचनेसाठी रंगीत ग्रुपमध्ये एक ओळ लिहा, सिंक्ड पॅटर्न करा आणि हेडर टेम्प्लेट पार्टमध्ये (सगळ्या पानांच्या माथ्यावरच्या सामाईक भागात) घाला, सगळ्या पानांवर दिसेल. हंगाम संपल्यावर पॅटर्न डिलीट करू नका. हेडरमधून फक्त तो ब्लॉक काढा. पुढच्या ऑगस्टअखेर तारखा बदलून तोच परत लावता येतो.